बर्फाजवळ तळत नाहीत

१

चार जूनचं पान कुणीतरी फाडलं होतं, आणि घाईत फाडलं होतं. लॉगबुकाच्या शिवणीत कागदाची बोटभर चिंधी तशीच लटकत होती. तीन जून होता, पाच जून होता; मधला दिवस जणू या किनाऱ्यावर उगवलाच नव्हता.

कॅप्टन निकँडरने ते लॉगबुक आणून टेबलावर आपटलं, तेव्हा त्याची थोरली बहीण ॲग्रिपिना खाली बोटीच्या स्वयंपाकघरात पावाचं पीठ मळत होती.

"बघ ॲगे, तुझ्या डोळ्यांनी बघ. बारा वाजता अन्फिसा मावशी येतेय, बरोबर वन्यजीव खात्याचा साहेब. त्यांना काय दाखवू आता? माझं कपाळ?"

ॲग्रिपिनाने हात पुसले आणि चिंधी बोटांनी चाचपली. 

चार जूनला गच्च धुकं होतं. त्या दिवशी टॉल्मन हिमनदीच्या पायथ्याशी, जिथे बर्फाच्या तुकड्यांवर सील वितात, तिथे कुणीतरी बोट घातली. माद्या भेदरून पाण्यात पळाल्या, पिल्लं मागे राहिली. दुसऱ्या दिवशी सात पिल्लं मेलेली सापडली. खाडीच्या तोंडाशी जाळं टाकून बसलेल्या एका कोळ्याला धुक्यात फक्त एक हिरवा पट्टा सरकताना दिसला होता. हिरवा पट्टा या किनाऱ्यावर एकाच बोटीला आहे, निकँडरच्या 'मॅग्डालिन'ला. आणि तिच्या रबरी होडीलाही.

त्या खाडीत पाहुण्यांना घेऊन जायची परवानगीही एकट्या 'मॅग्डालिन'लाच. तीही हिमनदीपासून अर्ध्या मैलावरच्या हद्दीपर्यंत. त्यापुढे जूनमध्ये कुणी वल्हंसुद्धा मारायचं नाही. दहा वर्षांपूर्वी गावाच्या सील समितीपुढे उभी राहून ॲग्रिपिनाने सांगितलं होतं, "मी बोटीवर असेपर्यंत बोट हद्द ओलांडणार नाही." समितीची प्रमुख अन्फिसा मावशी एवढंच म्हणाली होती, "ॲग्रिपिना सांगतेय ना? झालं मग." कागद नंतर झाला, शब्द आधी. आमच्याकडे असंच असतं.

"कुणी फाडलं असेल?" ॲग्रिपिनाने विचारलं.

"लॉगबुक कोण लिहितं? मेरेडिथ. त्या दिवशी रबरी होडी घेऊन तीन तास कोण गायब होतं? मेरेडिथ. होडी किती वाजता गेली, किती वाजता आली, ते तिच्याच अक्षरात होतं त्या पानावर." निकँडर खुर्चीत बसला. "आपली बोट बर्फापासून लांब, ऑल्डर कोव्हला होती, ते तर तुलाच माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तू तळलंस ना त्या दिवशी?"

"हो तर. हॅलिबट तळला. तू वरून ओरडलास ना, 'तळून घे ॲगे, ऑल्डर कोव्ह आलंय.' मासा अजून साफही व्हायचा होता."

"मग? तू तळलंस, यापेक्षा मोठा पुरावा गावात कुणाला हवाय?"

खोटं नव्हतं ते. हिमनदीला चरबीचा वास खपत नाही, तिच्या तोंडावर तळलं की ती अंगावर येते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हल्लीची माणसं हसून सोडून देतात. ॲग्रिपिनाने मात्र बावीस हंगामांत एकदाही सोडलं नव्हतं. बर्फ जवळ असला की उकडलेलं, बर्फ लांब गेला की तळलेलं. गावात थट्टा चालायची, की निकँडरचं लॉगबुक चुकेल, पण ॲगीचं ताट चुकायचं नाही.

"बाराला मावशी विचारेल," निकँडर उठता उठता म्हणाला, "तेव्हा एवढंच सांग. खोटं एक अक्षर नको बोलूस."

पण ॲग्रिपिनाला 'एवढंच' कधी पुरलेलं नव्हतं. तिने पीठ झाकलं आणि मेरेडिथला खाली बोलावलं.

२

मेरेडिथ ओरेगनची. बोटीवर पाहुण्यांना पशुपक्षी दाखवायचं काम तिचं, आणि हा तिचा दुसराच हंगाम. आत आली ती दाराला टेकूनच उभी राहिली.

"बस गं. पान तू फाडलंस?"

"नाही, ॲगी आंटी."

"होडी घेऊन कुठं गेली होतीस?"

"कुठंही नाही! त्या दिवशी होडी खाली उतरलीच नाही. कॅप्टननी हीच बोट आत नेली, हद्दीच्या पलीकडे. मी म्हटलं, हे बरोबर नाही. ते म्हणाले, 'तुझ्या जन्माआधीपासून मी बर्फ ओळखतो, तू पाहुणे सांभाळ.' मग मी लॉगबुकात लिहिलं. वेळ, जागा, सगळं."

ॲग्रिपिनाची कानशिलं तापली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच, असं तिला वाटलं. तिच्या भावाला, तिच्याच स्वयंपाकघरात उभं राहून, काल आलेली पोरगी खोटं पाडत होती.

"आणि नऊ दिवस गप्प बसलीस?"

"लिहिलं होतं ना! मला वाटलं, तेच कळवणं. मग परवा पिल्लांचं ऐकलं आणि..." तिने आतून दार लोटून घेतलं. "मला भीती वाटली. ते कॅप्टन आहेत. इथं माझं कोण आहे?"

"त्या फेरीचे पाहुणे सांगतील की."

"ते दहाही जण झेक होते, आणि आता उत्तरेला डोंगरात गेलेत. तीन आठवडे फोन नाही. फोटो आहेत त्यांच्याकडे, पण फोटोत धुकं, बर्फ आणि सील. बोटीवरून काढले की होडीतून, ते कसं कळणार?"

"मेरेडिथ, पोरी," ॲग्रिपिना सावकाश म्हणाली, "त्या दिवशी मी तळलं. कळलं? मी बर्फाजवळ तळत नाही. म्हणजे बोट तिथं नव्हती. तू नाव घेतेयस ते माझ्या भावाचं."

मेरेडिथने मान वर केली. "तुम्ही तळलंत ते मला माहितेय, आंटी. वर वास आला होता. समोर सीलची पिल्लं आणि खालून तळणीचा वास. मला वाटलं, तुम्हालाही ठाऊक आहे. मला वाटलं, ते नियम पाहुण्यांना सांगण्यापुरते असतात."

ॲग्रिपिनाला बसल्या जागी कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. तिला राग यायला हवा होता, आणि आलाही. पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी टोचायला लागलं. खोटं बोलणारं माणूस असलं खोटं कशाला रचेल?

३

इंजिनवाला टोर म्हणजे नॉर्वेजियन आजोबांचा नातू, साठीचा, अर्धा बहिरा आणि बाकीचा अर्धा इरसाल. चार जूनला काय झालं, या प्रश्नावर त्याने आधी कॉफी मागितली.

"मी खाली होतो, कानाला टोप्या लावून. वर कयामत झाली असती तरी मला पगाराच्या दिवशीच कळलं असतं."

"होडी उतरली का त्या दिवशी?"

"खालून काय दिसतंय मला!"

"बरं, इंजिनाचं सांग. ते तर तुला बायकोपेक्षा जवळचं."

"ते मात्र नीट आठवतंय. दोन तास नुसतं खेळवत होता. जरा पुढं, थांब. जरा मागं, थांब. माझा जीव घेतला तुझ्या भावानं."

"ऑल्डर कोव्हला नांगर टाकतो आपण."

"टाकतो. त्या दिवशी साखळी सुटल्याचा आवाज नाही आला. ती सुटली की माझ्या डोक्यावरच सुटते, बहिऱ्यालाही कळतं. पण निकँडरला विचारलं तर म्हणाला, धुक्यात होडीची वाट बघत होतो, म्हणून नांगर नाही टाकला. पटण्यासारखं आहे."

पटण्यासारखं होतं, तीच तर पंचाईत होती. प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंनी पटत होती.

"आणि धडका?" ॲग्रिपिनाला आठवलं. "दोन-तीनदा काहीतरी बोटीवर आदळलं. माझे कप हलले. निका वरून म्हणाला, ओंडके वाहत आलेत."

"येतात की ओंडके. मोठ्या भरतीनंतर येतातच." टोरने कॉफी संपवली. "तू काय ऐकलंस ते सांग. तुझे कान चांगले आहेत."

"होते! त्या दिवशी मी कढई उतरवून ठेवली, झाकणसुद्धा घातलं, तरी माझ्या कानात तळणीची चुरचुर चालूच. तासभर. तुझ्यासारखी म्हातारी झाले, टोर."

"ये ये, आमच्या मंडळात ये," टोर हसला. मग बाहेर जाऊन त्याने जाळीने पाण्यातून उचललेला बर्फाचा गोळा आणून दिला. कलिंगडाएवढा होता, आरपार निळसर. आज बोट हद्दीवर उभी होती; इथे असे तुकडे तुरळकच तरंगत येतात, आणि पाहुण्यांना या बर्फाच्या पाण्याचा चहा म्हणजे अमृत.

घड्याळात अकराला दहा कमी होती.

४

तिने स्टीलच्या मोठ्या पातेल्यात पाणी घेतलं, गोळा आत सोडला, पातेलं गॅसवर चढवलं आणि पाठ फिरवून कांदा चिरायला घेतला. आज सूप होतं. हिमनदी समोर, म्हणजे उकडलेलंच.

चुरचुर. चुर्र... तडतड.

तिचा हात सवयीने मागे गेला, आच कमी करायला. बटण बंदच होतं. तिने गॅस अजून पेटवलाच नव्हता.

ॲग्रिपिना वळली. पातेल्यात गोळा शांतपणे तरंगत होता आणि पातेलं तळणीसारखं चुरचुरत होतं. शेकडो वर्षं बर्फात दाबली गेलेली हवा बुडबुड्याबुडबुड्याने फुटून बाहेर येत होती. पेल्यातल्या बर्फाच्या खड्याची बारीक तडतड तिला जन्मापासून ठाऊक होती. पण एवढा मोठा गोळा, आणि भोवती स्टीलचं पातेलं, असं तिने कधी ऐकलं नव्हतं. या बोटीवर ती हद्दीच्या आत कधी गेलीच नव्हती, मग ऐकणार कुठून?

ती भिंतीपाशी गेली आणि लाकडाला कान लावला. पलीकडे समुद्र होता. तिचं स्वयंपाकघर पाण्याच्या पातळीखाली होतं. आज पलीकडे फक्त पाण्याची चपचप ऐकू येत होती. एक गोळा पातेलं एवढं वाजवतो. खाडीभर गोळे असते, बोट त्यांच्यात अर्धी बुडून उभी असती, तर ही सगळी भिंत कढईसारखी चुरचुरली असती. तासभर. कढई उतरवल्यावरही.

तिचे कान चांगले होते. म्हातारी झाली नव्हती ती.

ऑल्डर कोव्हला एखादा चुकार तुकडा येतो, खाडीभर बर्फ येत नाही. म्हणजे बोट आत होती. पोरगी खरं बोलत होती. ते ओंडके नव्हते. आणि तिने, मासे उकडते म्हणून ज्या बाईची बावीस वर्षं थट्टा झाली त्या ॲग्रिपिनाने, हिमनदीच्या तोंडावर, विणीच्या बर्फात उभं राहून तेल कढवलं होतं.  ती चक्क खाली बसली आणि थोडा वेळ रडली.

रडता रडता मनाने एक शेवटची पळवाट शोधली. निका धुक्यात चुकला असेल. खरंच वाटलं असेल त्याला, की हे ऑल्डर कोव्ह आहे. माणूस चुकतो. मग घाबरून पान फाडलं असेल. चुकलेल्या भावाला बहीण माफ करू शकते.

मग तिला आठवलं, त्या सकाळी आधी कोण बोललं होतं ते. ती पळवाटही बंद झाली.

५

निकँडर सुकाणूपाशी दुर्बीण लावून खाडीच्या तोंडाकडे बघत होता. पाहुणे पुढच्या बाजूला हिमनदीचे फोटो काढण्यात गुंग होते.

"निका, बावीस वर्षं मी तेल तापवायच्या आधी काय करते?"

"विचारतेस. 'बर्फ जवळ आहे का रे?' सगळ्या बोटीला पाठ आहे ते."

"दर वेळी मी विचारते, मग तू सांगतोस. बावीस वर्षांत तू आपण होऊन कधी सांगितलंयस?"

निकँडरने दुर्बीण खाली घेतली नाही.

"चार जूनला मी विचारलंच नव्हतं. मासा साफ झाला नव्हता, कढई फडताळात होती. मी विचारायच्या आधी तू उत्तर दिलंस. जो चुकून बर्फात शिरतो, त्याला कुठं आहोत ते ठाऊक नसतं. तुला पक्कं ठाऊक होतं. तुला भीती होती की मी आज उकडेन, आणि मग गावात सगळे म्हणतील, ॲगीनं उकडलं, म्हणजे बोट बर्फाजवळ होती."

"कशावरून बोट आत होती? त्या पोरीनं सांगितलं म्हणून?"

"बोटीनं सांगितलं." तिने त्याला पातेल्याचं आणि भिंतीचं सगळं सांगितलं. "आणि टोरनं साखळी ऐकली नाही. आणि ते पान मेरेडिथनं फाडायचं काही कारणच नाही, तिच्या बाजूनं बोलणारी तीच एक गोष्ट होती. पान नको होतं ते तुला. तिच्या अक्षरात होतं, म्हणून बदलता आलं नाही. म्हणून फाडलंस."

निकँडरने खाडीकडे पाठ केली. मग दुर्बीण ठेवून खुर्चीत बसला, आणि एकदम म्हातारा दिसायला लागला.

"तीन दिवस धुकं, ॲगे. त्या दहा जणांनी देवमाशाची शेपटीसुद्धा बघितली नव्हती. जेवताना माझ्याकडे बघत बसायचे, जसं काही धुकं मीच सोडलंय. शेवटचा दिवस होता. म्हटलं, अर्धा तास. सावकाश जाऊ, सावकाश येऊ. मग मागचा बर्फ मिटला. वाट मिळेपर्यंत दोन तास गेले."

"आणि पिल्लं गेली."

"मला मारायची होती का ती?"

"नाही. ते मी समजू शकते, निका. बर्फ मिटतो, माणसाला हाव सुटते, समजू शकते. मला एकच सांग. तू मला तळायला सांगितलंस, ते मासे खायला, की साक्षीदार हवा होता म्हणून?"

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. तिने असं थेट विचारलं की त्याला कधी खोटं बोलता यायचं नाही. म्हणून तर त्याने तिच्याच तोंडून बोलायचं ठरवलं होतं.

"केसानं गळा कापलास रे," ती म्हणाली. "परक्यानं फसवलं असतं तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या आणि झोपले असते. तू माझा नियम हाताशी धरलास, जो मी आईकडून घेतला, आणि तो मोडायला मलाच लावलंस. मला कळूही न देता."

"ॲगे, ऐक." तो पुढे झुकला. "ती पोरगी सप्टेंबरात तिच्या गावाला जाईल. तिचं काय जातंय? दुसरी बोट मिळेल. आपल्याला इथं राहायचंय. बोट गेली तर आपण दोघं काय करणार या वयात? मी तुला खोटं बोलायला सांगत नाही. मावशी विचारेल, त्या दिवशी काय केलंस? तू सांग, तळलं. ते खरंच आहे. पुढचं गाव समजून घेईल."

खाली शिडीपाशी बोट लागल्याचा आवाज आला. मावशी वेळेच्या आधी आली होती.

६

अन्फिसा मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. शिडी चढताना तिने खात्याच्या साहेबाचा हात झिडकारला. टेबलापाशी बसून तिने फाटकी शिवण पाहिली, निकँडरचं ऐकलं, मेरेडिथचं ऐकलं. मेरेडिथ बोलत होती तेव्हा साहेबाने दोनदा घड्याळ पाहिलं.

"दोघांचा शब्द दोन टोकांना," मावशी म्हणाली. "ॲग्रिपिना, इकडे ये गं. तू सांग. त्या दिवशी काय केलंस?"

ॲग्रिपिनाने टेबलाची कड धरली. निकँडर तिच्याकडे बघत होता. मेरेडिथ बघत नव्हती. तिला उत्तर ठाऊक होतं.

"तळलं, मावशी."

निकँडरचा श्वास सुटल्याचं सगळ्यांना ऐकू आलं.

"मग संपलं," मावशी साहेबाकडे वळली. "लिहा. बोट तिथं नव्हती. ही माझी भाची बर्फाजवळ तळत नाही, हे कुणालाही विचारा."

"लिहू नका," ॲग्रिपिना म्हणाली. "मी बर्फाच्या तोंडावर तळलं. बोट आत होती, मावशी. ही मुलगी पहिल्यापासून खरं बोलतेय. मला सांगितलं गेलं, ऑल्डर कोव्ह आहे, आणि मी विश्वास ठेवला. शब्द मी दिला होता, म्हणून मोडलाही मीच. माझ्या नावावर लिहा."

मग तिने सगळं सांगितलं; पातेलं, भिंत, साखळी, आणि आधी कोण बोललं ते. आवाज एकदाही चढवला नाही.  साहेब लिहीत राहिला.

मावशीने लॉगबुक मिटून बाजूला सारलं. "कुंपणानंच शेत खाल्लं," ती शेवटी म्हणाली. "परवानगी आजपासून बंद. पाहुण्यांना गावात उतरवा आणि बोट धक्क्याला लावा." जाताना ती मेरेडिथपाशी थांबली आणि म्हणाली, "तुझं ऐकायला आम्हाला उशीर झाला, पोरी." निकँडरकडे तिने पाहिलं नाही.

बोट गावाकडे वळली. पाहुण्यांना कुणीतरी सांगितलं, की इंजिनात बिघाड आहे. ॲग्रिपिनाने सूप वाढलं. एकाने दुसऱ्यांदा मागून घेतलं.

आमच्या जुन्या लोकांत वयात आलेले भाऊ-बहीण एकमेकांशी थेट बोलत नसत. मान म्हणून. काही सांगायचंच असलं तर तिसऱ्याच्या तोंडून सांगत. ॲग्रिपिना आणि निकँडरच्या पिढीने ते हसून सोडून दिलं होतं. आई गेली तेव्हा हे दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडले होते, आणि म्हाताऱ्यांनी माना हलवल्या होत्या.

पाहुणे उठले तसा निकँडर खाली आला. टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. "ॲगे," तो म्हणाला. मग पुन्हा, "ॲगे, काहीतरी बोल. शिवी दे."

ॲग्रिपिनाने एक वाडगा भरला, पावाचा तुकडा बाजूला ठेवला आणि टेबलाच्या कडेला सरकवला. टोर कोपऱ्यात खात बसला होता. ती त्याच्याकडे वळली.

"टोर, कॅप्टनला सांग, जेवण वाढलंय."

निकँडर तिच्यापासून दोन हातांवर उभा होता. टोरने चमचा खाली ठेवला, तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि निरोप सांगितला.